पुण्याहून पणजीला आले आहे, 33 कपड्यांत वर्ष निघेल का?

निघेल, पण ती यादी जशीच्या तशी उचलू नका.

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: पणजीच्या फ्लॅटमध्ये एकच कपाट असल्यामुळे 33 कपड्यांची यादी पाळायची आहे, साधं पण नीटनेटकं दिसायला रंग कोणते ठेवावेत, आणि आईने दिलेल्या साड्यांचं काय करायचं. मी फोंड्याची, कामाला रोज पणजीत, त्यामुळे इथल्या हवेत काय टिकतं आणि काय कुजतं ते सांगू शकते. फॅशनमधलं मला फार कळतं असं नाही.

आधी त्या यादीबद्दल. मोजक्या, एकमेकांवर जाणाऱ्या कपड्यांची ही कल्पना लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी 1970 च्या दशकात रुजवली. न्यूयॉर्कच्या फॅशन डिझायनर डॉना करन यांनी 1985 मध्ये सात कपड्यांचा संच काढून ती गाजवली. तुमचा 33 चा आकडा 2010 चा, अमेरिकेतल्या ब्लॉगलेखिका कोर्टनी कार्व्हर यांचा. तो तीन महिन्यांसाठी आहे, वर्षासाठी नाही. त्यात चपला आणि दागिनेही मोजायचे, पण आतले कपडे, झोपायचे आणि घरात घालायचे कपडे मोजायचे नाहीत. हे सगळे चार ऋतूंच्या देशांतले हिशेब. कोट, स्वेटर, लोकरी पँट, लांब बूट हे त्यांच्या यादीचं निम्मं अंग. आपल्याकडे ऋतू दोनच, पाऊस आणि घाम.

पुण्यात किती कपडे लागतात हे तुम्ही किती वेळा तेच घालायला तयार आहात यावर ठरतं. इथे जून ते सप्टेंबर ते दोरीवर ठरतं. पणजीत वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. जुलैत सकाळी वाळत घातलेला कुर्ता संध्याकाळी तसाच असतो, दुसऱ्या दिवशी बरा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी घालता येतो. म्हणजे एक दिवसाआड धूत असाल तर पाच दिवसांचे कपडे कायम बादलीत नाहीतर दोरीवर. त्यावर एखाद-दोन हाताशी हवेत. कामाला जायचे सात वरचे कपडे ही पावसातली किमान गरज झाली. तीन कुर्ते आणि दोन पँटींवर सुंदर जगणारी माणसं मोबाईलवर दिसतात, त्यांच्याकडे एक तर ड्रायर असतो नाहीतर ती वाळवंटात राहतात.

वाळलं की नाही हे कापडाच्या मधल्या भागावरून ओळखू नका. खिशाच्या आतली शिवण, नेफा आणि काखेचा जोड चिमटीत धरून गालाला लावा. गार लागलं तर ओल आहे. तसंच घडी करून कपाटात ठेवलं की दोन दिवसांत कुबट वास येतो आणि शेजारच्या कपड्यांनाही लागतो. जीन्सचा कमरपट्टा या परीक्षेत हमखास नापास होतो. पावसाळ्यात जीन्स बाद केली तर यादी एका फटक्यात हलकी होईल. इस्त्री ही इथे चैन नाही, शेवटची ओल तीच काढते.

कापडाचं गणित थोडं उलटसुलट आहे. सुती कापड हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या आठेक टक्के धरून ठेवतं, लिनन त्याहून जास्त, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टर झटकन वाळतं, पण घाम तुमच्या पाठीवरच राहतो आणि त्याचा वास धुतल्यावरही पुरता जात नाही. सुती अंगाला बरं, पण वाळायला संथ. यावर उपाय एकच, सुती घ्या पण पातळ घ्या: मलमल, कॅम्ब्रिक, बारीक सुताची खादी. जाड हातमागाचे सुंदर कुर्ते ऑक्टोबरनंतर घाला. लिनन दिसतं छान, पण पणजी बसस्टँडवर उतरेपर्यंत त्याला पडलेल्या सुरकुत्या तुम्हाला चालणार आहेत का, ते आधी ठरवा. मला चालत नाहीत.

आता रंग. मोजके कपडे म्हटलं की सगळे पांढरा, बेज, काळा सांगतात. पांढरा वर ठेवा, खाली नको. इथली माती जांभ्याची, लोहाने लाल झालेली. पावसात स्कूटर चालवली की मागच्या चाकाचा फवारा थेट पाठीमागे बसतो. त्या डागावर ब्लीच ओतू नका, लोहाचे डाग ब्लीचने जास्तच पक्के होतात. चिखल पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग साबण लावा, आणि तरी पिवळट राहिलं तर लिंबू चोळा. त्यापेक्षा सोपं म्हणजे खालचे सगळे कपडे गडद ठेवावेत: नेव्ही ब्लू, राखाडी, गडद तपकिरी. हे तीन आपसात भांडत नाहीत आणि वर काहीही चालतं. वर दोन-तीन फिके रंग आणि तुमच्या आवडीचा एक ठसठशीत, बास. उन्हाळ्यात कपडे उलटे करून वाळत घाला, नाहीतर मेमधल्या उन्हात गडद रंग विटतात. आणि मार्च-एप्रिलमध्ये कोणी काजूच्या बागेत बोलावलं तर सगळ्यात जुना कपडा घालून जा. बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, रसाचा डाग लिंबालाही बधत नाही.

कपड्यांची बेतणी ठरवताना एक दिवस डोळ्यांसमोर आणा. स्कूटरवरून फेरीबोट, मग एसीचं ऑफिस, येताना बाजार, आणि पाहुणे आलेले असतील तर मंगेशीला दर्शन. मंगेशीत आणि जुन्या गोव्याच्या बाझिलिकेत तोकडे कपडे चालत नाहीत. त्यामुळे गुडघ्याखाली जाणारा, बाह्या असलेला, बाजूला चिरा असलेला सरळ कुर्ता आणि घोट्याच्या वर थांबणारी पँट हा जोड सगळीकडे चालतो. पलाझो पावसात पोटरीपर्यंत भिजते. ओढणी स्कूटरच्या चाकात अडकण्याची भीती असते, तिच्याऐवजी एक सुती जॅकेट ऑफिसमध्येच ठेवून द्या. रेनकोट मात्र यादीत मोजा, चार महिने तोच तुमचा मुख्य पोशाख आहे. चामड्याच्या चपला जूनमध्ये पुसून वर ठेवा, रबरी वापरा.

साधी स्टाईल बाहेरून आणावी लागते असं वाटत असेल तर गोव्यातल्या शेतकरी कुणबी बायकांची कुणबी साडी जवळून बघा. लाल चौकडीचं सुती कापड, खांद्यावर गाठ, चिखलात काम करता यावं म्हणून आखूड. कामाच्या गरजेतून सगळं जास्तीचं गळून गेलेलं आहे. गोव्यातल्या कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स, ज्यांना 2014 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ही साडी पुन्हा चर्चेत आणली. त्यांचे स्वतःचे कपडेही सैल, मोकळे, बिननक्षीचे असत. माझं मत विचाराल तर परदेशी यादीपेक्षा त्या चौकडीचा एक कुर्ता तुमच्या कपाटात जास्त कामाला येईल. लाल चौकडीत लाल मातीचा शिंतोडा दिसतही नाही.

कपाटाबद्दल दोन गोष्टी. ते भिंतीला चिकटवू नका, मागे हातभर नाही तरी चार बोटं जागा सोडा, आणि काठोकाठ भरू नका. कपडे कमी ठेवण्याचा खरा फायदा इथे दिसतो, मधून हवा फिरते. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, त्यात पाणी साठलं की ओता, ते कपड्यांवर सांडलं तर डाग पडतात.

राहिल्या आईच्या साड्या. त्या 33 मध्ये धरूच नका, तो हिशेब वेगळा. सध्या पुण्यातच राहू द्या, तिथली हवा त्यांना मानवते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, एखादी आणा, तीही शक्यतो सुती. उरलेल्या दिवाळीनंतर, लग्नसराई सुरू होताना आणा आणि मृगाच्या आत परत पाठवा. इथे असेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या धुतलेल्या सुती पंच्यात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. आणि अधूनमधून सावलीत वाऱ्यावर टाकून घडी मोडून दुसरीकडे घाला, एकाच घडीवर जरीची तार तुटते. पुण्याला पाठवायला कोणी नसेल तर प्रश्नाखाली लिहा, इथल्या फ्लॅटमध्ये ठेवण्याची सोय वेगळी सांगते.