भुताच्या पोटातला कापूस दिसतोय!

31 ऑक्टोबरला हॅलोवीन, त्यामुळे या वेळी प्रश्नोत्तरांच्या पानावर फक्त क्रोशाने विणलेली भुतंखेतं. सुरुवातीलाच एक खुलासा: खाली जिथे नुसता ‘टाका’ म्हटलंय तिथे मुका खांब समजायचा, म्हणजे अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे. ब्रिटिश पॅटर्न याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात. पॅटर्न कुठला आहे हे न बघता विणायला बसलात, तर भूत लांबुळकं आणि जाळीदार होतं.

प्रश्न: क्रोशाचं खेळणं पहिल्यांदाच विणणार आहे. हॅलोवीनचं सगळ्यात सोपं पात्र कोणतं? टाक्यांच्या हिशेबासकट सांगाल का?

भूतच. एकच रंग, शिवणकाम जवळजवळ नाही, आणि थोडं वाकडं झालं तरी कोणी नावं ठेवत नाही. मध्यम जाडीची पांढरी ॲक्रिलिक लोकर 30 ते 40 ग्रॅम, 3.5 मिमीची सुई, 9 मिमीचे काळे सेफ्टी डोळे (दांड्यावर आतून वॉशर बसवून पक्के करायचे) आणि भरायला पॉलिएस्टर फायबर घ्या. भूत साधारण 10 सेंमी उंच होतं.

डोक्यापासून सुरू करा. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद करता येणाऱ्या धाग्याच्या फासात, 6 टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. मग दर फेरीला सहा टाके वाढवायचे: एक साधा, एक वाढ असं सहा वेळा (18), दोन साधे, एक वाढ (24), तीन साधे, एक वाढ (30), चार साधे, एक वाढ (36). या सहा फेऱ्या झाल्या. सातवी ते चौदावी फेरी 36 टाक्यांचीच. पंधराव्या फेरीत पाच साधे, एक वाढ (42), सोळा ते अठरा तशाच. एकोणिसाव्या फेरीत सहा साधे, एक वाढ (48), वीस आणि एकवीस तशाच. फेऱ्या स्लिप स्टिचने (उंची न वाढवता नुसता जोडणारा टाका) जोडायच्या नाहीत, गोलगोल विणत जायचं. म्हणून फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर हवाच. मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाचा दोरा चालेल.

आता तळ. बाविसावी फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात विणा: सहा साधे, एक घट, म्हणजे दोन टाक्यांचा एक (42). त्यामुळे कडेला घडी पडते आणि भूत सरळ बसतं. पुढे दोन्ही धाग्यांत विणत 36, 30, 24 असं उतरा. इथे थांबून डोळे लावा, मग भरा. त्यानंतर 18, 12, 6 करून तोंड बंद करा.

एकविसाव्या फेरीचे पुढचे धागे मोकळे राहिलेत, ते झालरीसाठी. भुताचं डोकं खाली धरून तिथे नवा धागा जोडा. एक मुका खांब, एक टाका सोडा, पुढच्या टाक्यात पाच खांब (अमेरिकन डबल क्रोशे), एक टाका सोडा. चार टाक्यांत एक पाकळी, म्हणजे 48 टाक्यांत 12 पाकळ्या बरोबर बसतात. डोकं वर धरून विणलंत तर पाकळ्या भुताच्या अंगाकडे उलट्या वळतात आणि कितीही दाबल्या तरी खाली राहत नाहीत.

हातांसाठी 6 टाके, दुसऱ्या फेरीत दोन साधे, एक वाढ असं दोनदा (8), मग चार फेऱ्या साध्या. हात भरू नका. चपटे करून दोन्ही थरांतून 4 टाके घाला आणि चौदाव्या फेरीच्या आसपास शिवा.

प्रश्न: पांढऱ्या भुतात कळलं नाही, पण चेटकिणीच्या काळ्या झग्यातून आतला पांढरा फायबर सगळीकडून डोकावतोय. घट्ट विणायला गेले तर सुईच टाक्यात शिरत नाही.

घट्ट विणू नका, सुई लहान घ्या. लोकरीच्या लेबलवरची सुई अंगावर घालायच्या, मऊ पडणाऱ्या विणीसाठी सुचवलेली असते. खेळण्यासाठी त्याहून एक ते दीड मिमी लहान सुई लागते. लेबल 5 मिमी म्हणत असेल तर 3.5 घेऊन बघा. हात नेहमीसारखाच चालू दे.

यानंतरही भोकं दिसत असतील तर धागा कसा ओढताय ते पाहा. सुई टाक्यात घातल्यावर आपण बहुतेक जण धागा सुईवर गुंडाळून बाहेर काढतो. तसा टाका V सारखा दिसतो. त्याऐवजी सुई धाग्याच्या वरून नेऊन आकड्याने धागा थेट पकडून ओढला, तर टाका X सारखा, बुटका आणि दाट येतो. हा बदल पहिल्यांदा धागा ओढताना करायचा. सुईवरच्या दोन धाग्यांतून काढताना नेहमीसारखा गुंडाळायचा. मात्र एकाच खेळण्यात दोन्ही प्रकार मिसळू नका. X टाक्याचं खेळणं लहान होतं, डाव्या आणि उजव्या पायाची उंची जुळत नाही.

घटीच्या जागी भोक पडत असेल तर कारण वेगळं आहे. दोन टाक्यांच्या दोन्ही धाग्यांतून घट केली की तिथे गाठोडं होतं आणि शेजारी फट पडते. दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे सुईवर घ्या, त्या दोघांतून एकदम धागा काढा आणि मुका खांब पुरा करा. अशी घट शोधूनही सापडत नाही.

वीण उलटी तर नाही ना, तेही बघा. बाहेरून ओळीने V (किंवा X) दिसायला हवेत. आडव्या दांड्या दिसत असतील तर आतली बाजू बाहेर आली आहे. पाच-सहा फेऱ्या झाल्या की वाटी उलटून घ्यायची, नंतर अवघड जातं.

झगा विणून झाला असेल आणि उसवायची इच्छा नसेल, तर काळ्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा आत घाला आणि फायबर त्यात भरा. काळ्या रंगाला याहून खात्रीचा उपाय नाही.

प्रश्न: काळ्या लोकरीत टाकेच दिसत नाहीत. काही युक्ती?

दिवसाच्या उजेडात, मांडीवर पांढरं कापड घेऊन विणा. सुई घातलेल्या जागेतून खालचं पांढरं दिसलं की टाका सापडला. मार्कर फेरीत एक नाही, प्रत्येक वाढीपाशी एक लावा. चूक झालीच तर सहाव्या हिश्शात शोधावी लागते. केसाळ लोकर टाळा. आणि मांजर किंवा वटवाघूळ अगदी काळं हवं असा नियम नाही. कोळशासारखा करडा किंवा गडद जांभळा रंग दुरून काळाच वाटतो आणि जवळून वीणही दिसते.

प्रश्न: माझं भूत भयानक दिसायच्या ऐवजी दचकलेलं दिसतं. डोळे काढून पुन्हा लावता येतील का?

वॉशर एकदा बसला की निघत नाही, दांडा कापावा लागतो आणि तो डोळा वाया जातो. म्हणून वॉशर लावण्याआधी डोळे नुसते खोचून, भूत थोडं भरून, हातभर लांबून बघा. रिकाम्या विणीवर ठरवलेली जागा भरल्यावर बदलते: वीण ताणली जाते आणि डोळे एकमेकांपासून लांब सरकतात.

वरच्या मापाच्या भुताला दहाव्या आणि अकराव्या फेरीच्या मधे, सहा टाक्यांचं अंतर सोडून डोळे चांगले दिसतात. डोळे वर आणि जवळजवळ असले की चेहरा दचकलेला किंवा म्हातारा वाटतो. खाली आणि लांब असले की भूत बाळ होतं. एका फेरीचा फरकही चेहरा बदलतो. भयानकच हवं असेल तर जागा तीच ठेवून डोळ्यांवर आत उतरत्या दोन तिरक्या भुवया काळ्या धाग्याने भरा. तुमच्या भुतावरही, काही न कापता, हाच उपाय चालेल.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी असेल तर सेफ्टी डोळे नकोतच, नावात सेफ्टी असलं तरी. सैल विणीतून वॉशरसकट डोळा उपटून येऊ शकतो. डोळे भरतकामाने करा.

प्रश्न: भोपळा विणला पण तो संत्रं दिसतोय. खाचा पाडल्या, त्याही दुसऱ्या दिवशी गायब.

गोल चेंडू विणून त्याला खाचा पाडल्या की असंच होतं. भोपळा आडवा, सरळ ओळींत विणावा, म्हणजे रेघा विणीतच येतात. 21 साखळ्या घाला, सुईकडून दुसऱ्या साखळीपासून 20 टाके. प्रत्येक ओळीला एक साखळी घालून उलटा आणि 20 टाके फक्त मागच्या धाग्यात विणा. अशा 36 ओळी. दोन ओळींची एक उभी रेघ होते. पहिली आणि शेवटची ओळ शिवून नळी करा, एका टोकाला धावदोरा घालून आवळा, भरा, दुसरं टोक आवळा.

आता खाचा. त्या गायब होण्याचं मुख्य कारण म्हणजे गच्च भरलेलं पोट. भोपळा तीन चतुर्थांशच भरा, बोटाने दाबल्यावर बोट आत गेलं पाहिजे. दुसरं कारण दोरा. एकपदरी लोकर ताण सहन न होऊन सैल पडते किंवा तुटते, म्हणून दुपदरी घ्या किंवा बटण लावायचा जाड दोरा घ्या. शिवायची सुई भोपळ्याच्या उंचीपेक्षा लांब हवी. तळाच्या मध्यातून घालून वरच्या मध्यातून काढा, दोरा बाहेरच्या अंगाने खाली आणा, पुन्हा तळाच्या त्याच मध्यात घाला आणि ओढा. प्रत्येक खाचेनंतर तळाशी एक गाठ. ही गाठ टाळून शेवटी एकदाच मारली, तर दुसरी खाच ओढताना पहिली ढिली होते. सहा खाचा पुरतात. देठाचं शिवण वर आणि गाठींचं झाकण खाली, दोन्ही भोकं आपोआप लपतात.

प्रश्न: चेटकिणीच्या टोपीची कड कधी वाटीसारखी वर वळते, कधी लाटा येतात.

दोन्हीचं मूळ वाढीच्या हिशेबात आहे. मुक्या खांबाच्या सपाट चकतीला दर फेरीला साधारण सहा टाके वाढावे लागतात. कमी वाढले तर कड वळते, जास्त वाढले तर लाटा.

36 टाक्यांच्या डोक्यासाठी टोपी अशी: 4 टाक्यांनी सुरुवात, दर फेरीला दोनच टाके वाढवत सतराव्या फेरीला 36. वाढी एकावर एक येऊ देऊ नका, नाहीतर शंकूवर दोन धारा उठतात. मग कडेची पहिली फेरी फक्त पुढच्या धाग्यात, दोन साधे, एक वाढ (48). इथे बारा टाके मुद्दाम वाढवले आहेत, काटकोनात वळण हवं म्हणून. पुढे सात साधे, एक वाढ (54), आठ साधे, एक वाढ (60). शेवटची स्लिप स्टिचची फेरी अर्धा मिमी मोठ्या सुईने घाला. हिशेब बरोबर असूनही कड वळते तेव्हा हीच फेरी आवळलेली असते.

कड ताठ राहण्यासाठी तार घालायची सूचना बऱ्याच ठिकाणी असते. मुलांच्या हातातल्या खेळण्यात तार नको. त्यापेक्षा कड दुपदरी लोकरीने विणा, टाके तेवढेच ठेवलेत तर ती थोडी रुंद होईल, ते टोपीला शोभतंच.

प्रश्न: चेटकिणीच्या पट्टेरी मोज्यांत रंग बदलतो तिथे पायरी दिसते.

गोलगोल विणीत फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक पायरी वर असतो, त्यामुळे ती पूर्ण जात नाही. कमी मात्र होते. जुन्या रंगाच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढा नव्या रंगाने घ्या, नव्या रंगाचा पहिला टाका स्लिप स्टिच घाला आणि पुढच्या फेरीत त्यात नेहमीसारखा टाका विणा. उरलेली पायरी पायाच्या मागे ठेवा.

प्रश्न: व्हॅम्पायरची मान लुळी पडते. आत काडी घालू का?

काडी नको, विणीतून बाहेर येऊन टोचते. डोकं 42 टाक्यांचं आणि मान 12 ची असेल तर ती लुळी पडणारच. मान 18 च्या खाली नेऊ नका. अंग आणि डोकं सलग विणत असाल तर मानेच्या दोन-तीन फेऱ्या वर गेल्यावर मान गच्च भरा, मग पुढे जा. डोकं पुरं झाल्यावर भरायला गेलं की फायबर मानेत पोचत नाही. उभी कॉलर मानेला शिवून टाकली तर तिचाही आधार मिळतो.

प्रश्न: पांढऱ्या भुताला लाल-काळं भरतकाम केलंय. धुतल्यावर रंग लागेल का?

भरतकामाआधी त्या धाग्यावर ओलं पांढरं कापड चोळून बघायचं. गडद सुती धागा रंग सोडण्याची शक्यता जास्त, ॲक्रिलिक क्वचित सोडतं. काम झालंच असेल तर भिजवत ठेवू नका, डाग तेवढाच गार पाण्याने पुसा. आत साधा कापूस भरला असेल तर धुणं टाळलेलंच बरं, त्याच्या गुठळ्या होतात आणि वाळायलाही वेळ लागतो. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, वीण चपटी होऊन तशीच राहते.

प्रश्न: अंधारात चमकणाऱ्या लोकरीचं अख्खं भूत विणावं का?

अख्खं नको. ही लोकर बहुतेक कडक असते आणि खेळणं हाताला खरखरीत लागतं. शिवाय आधी उजेडात ठेवल्याशिवाय ती चमकत नाही, आणि चमक हळूहळू मंदावते. भूत साध्या लोकरीचं विणा आणि झालर तेवढी चमकणारी घ्या. तिला साधारण चार मीटर लोकर लागते.