हेल्मेट डोक्याच्या मापाचं घ्या, अंबाड्याच्या नाही

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं आणि मग जुना राग उफाळून आला. फ्रंट डेस्कची नवी नोकरी, कमरेपर्यंत केस, घरून अंबाडा घालून निघायचं, त्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून एक साइज मोठं घेऊ का, आणि पोचल्यावर केस चप्प बसलेले असतात त्याचं काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझीही एकेकाळी हीच रड होती. वरच्या प्रतिसादांत कुणी 'केस कापून टाका' म्हणालंय, कुणी 'अर्धं हेल्मेट घ्या' म्हणालंय. दोन्ही सल्ले मनावर घेऊ नका.

डिस्क्लेमर आधीच देते. मी हेल्मेट विकत नाही, पार्लर चालवत नाही, त्वचेची डॉक्टर तर नाहीच. पुण्यात अर्धं आयुष्य दुचाकीवर गेलेली, जाड केसांची बाई, एवढीच माझी पात्रता. बाकी सगळं हेमावैम, म्हणजे हे माझं वैयक्तिक मत.

तर मोठं हेल्मेट घेऊ नका. आयएसआय मार्क, पट्टा लावणं वगैरे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही. पण साइजचं नीट समजून घ्या. हेल्मेटच्या आत कापडी पॅडिंगच्या मागे जो थर्माकोलसारखा जाड थर असतो, तोच खरं काम करतो. आदळल्यावर तो चेपतो आणि धक्का स्वतःत घेतो. त्यासाठी तो डोक्याला सगळीकडून लागून असायला हवा. मध्ये अंबाडा आला की डोकं एका ठिकाणी टेकतं आणि बाकी सगळीकडे पोकळी राहते. त्यात अंबाडा म्हणजे केस. ते दबतात, सरकतात, सुटतात. घरून निघताना घट्ट वाटलेलं हेल्मेट नळ स्टॉपच्या सिग्नलला येईपर्यंत डुलायला लागतं.

दुसरी गंमत मानेवरच्या अंबाड्याची. वाटतं, हा तर खाली आहे, हेल्मेटच्या बाहेरच राहील. आरशासमोर घालून बघा. मान सरळ असताना ठीक असतं. पण उजवीकडे वळायला मागे नजर टाकली किंवा हनुवटी जरा वर केली की हेल्मेटची मागची कड अंबाड्यावर टेकते, मागून वर उचलली जाते आणि पुढची कड भुवयांवर येते. ऐन वळणावर समोरचं अर्धं दिसेनासं होतं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. ऑफिसचं नाव घेणार नाही, विचारूही नका. २०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे अ‍ॅडमिननं मोठा कार्यक्रम करून सगळ्यांना हेल्मेटं वाटली. फोटो काढले, हशा-टाळ्या झाल्या. हेल्मेटं सगळी एकाच मापाची, ६००, म्हणजे ६०० मिलिमीटर घेराच्या डोक्याची. माझं डोकं ५६०चं. बदलून मागितलं तर उत्तर, 'मॅडम, मोठं घेतलं की सगळ्यांना बसतं.' व्हेंडरला विचारलं, तर म्हणे बल्क ऑर्डर आहे, एक्स्चेंज नाही, तुमच्या अ‍ॅडमिनचा मेल आणा. अ‍ॅडमिन म्हणे एचआरशी बोला. एचआरचं म्हणणं, फुकट मिळालंय ना?

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःच्या पैशानं दुसरं घेऊन गप्प बसले असते. पण त्याच एचआरचा ग्रूमिंगचा नियम असा, की फ्रंट डेस्कच्या बायकांचे केस डोक्याच्या मागे मध्यावर अंबाड्यात, वर जाळी, एक बट बाहेर नको. आणि गेटवरचा नियम असा, की डोक्यावर हेल्मेट नसेल तर गाडी आत नाही. दोन्ही नियम एकाच मजल्यावरून निघालेले, पण दोन टेबलांमध्ये कुणी उठून बोलायचं नाही. मग आम्ही म्हटलं, ठीक आहे, वेणी घालून येतो आणि इथे पाच मिनिटांत अंबाडा घालतो. आरसा कुठे? पाहुण्यांच्या वॉशरूममध्ये, तिथे स्टाफला बंदी. पंचिंगनंतर खाली उतरलं तर 'डेस्कवर अनुपस्थित'. लेखी विनंती केली, एक आरसा आणि हेल्मेट अडकवायला चार खुंट्या द्या म्हणून. उत्तर आलं, 'कर्मचाऱ्यांनी घरूनच तयार होऊन यावे अशी अपेक्षा आहे.'

म्हणजे बायकांनी अंबाड्यावर हेल्मेट घालून यावं असंच ऑफिसनं लेखी दिलं. सगळ्याजणी तेच करायला लागल्या. ती ६००ची हेल्मेटं अंबाड्यावर बरोबर बसायची ना! आमच्यातली एक जण कर्वे रोडवर खडीवरून घसरली. वेग अगदी कमी होता. पट्टा लावलेला असूनही हेल्मेट मागे सरकलं आणि कपाळ उघडं पडलं. टाके पडले. त्यावर ऑफिसचं म्हणणं काय, तर अपघात आवाराबाहेरचा आहे आणि हेल्मेट आम्ही दिलेलंच होतं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी आमची सोय केली ती गेटवरच्या सिक्युरिटीच्या काकांनी. स्वतःच्या केबिनमध्ये खिळ्याला आरसा टांगला आणि म्हणाले, 'या पोरींनो, इथे घाला.' पॉलिसी वगैरे काही लागलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, जॉइन व्हायच्या आधी मेलवर विचारून ठेवा: हेल्मेट ठेवायला जागा आहे का, तयार व्हायला आरसा कुठे आहे, तो वेळ हजेरीत धरतात का. तोंडी नको. तोंडी सगळेच 'हो हो' म्हणतात. आणि कुणी अंबाड्याचं कारण सांगून 'गेटपर्यंत हातात धरलं तरी चालेल' म्हणालं, तर लक्षात असू द्या: मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना सूट आहे, अंबाड्याला नाही. दंड हजार रुपये आणि वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचंच.

माप कसं घ्यायचं? शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण बोटभर, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून. केस ज्या पद्धतीनं रोज बांधून गाडी चालवणार तसेच बांधून घ्या. आलेला आकडा मिलिमीटरमध्ये, ५६०, ५८०, ६०० असा हेल्मेटवर लिहिलेला असतो. पण आकडा जुळला म्हणजे झालं असं नाही. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. एकाच मापाची दोन कंपन्यांची हेल्मेटं वेगळी बसतात. म्हणून ऑनलाइन मागवू नका, नाना पेठेत जा, दुकानात दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. नवीन हेल्मेटनं गाल दाबले गेलेच पाहिजेत, पॅडिंग वापरून थोडं बसतं. कपाळावर एकाच ठिकाणी ठणका लागला तर मात्र आकार तुमचा नाही. पट्टा लावून मागची कड दोन्ही हातांनी वर-पुढे ढकला. निघालं तर परत द्या. दुकानदार 'चालेल हो ताई' म्हणेल. त्याला चालेल.

केसांचं आता. कमरेपर्यंतच्या केसांना सैल तिपेडी वेणी, तीही हेल्मेटच्या कडेखाली सुरू होणारी. पेडं वर डोक्यावर नकोत. सागरवेणी दिसते छान, पण तिचा मधला उंचवटा पॅडिंगखाली दबतो आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. घालायचीच असेल तर दोन्ही बाजूंनी चपट्या घाला आणि मग माप घ्या. वेणीचं टोक जॅकेटच्या आत. मोकळी पोनी वाऱ्यात ठेवली तर पोचेपर्यंत तिचा गुंता होतो, तो सोडवताना केस तुटतात आणि मग 'हेल्मेटनं केस गळतात' म्हणून ओरड. क्लचर, आकडे, यू-पिना, अंबाड्यात भरायचा डोनट काहीही हेल्मेटखाली नको. पडल्यावर ते कुठे घुसेल याचा विचार करा. पर्समध्ये ठेवा, पोचल्यावर त्याच वेणीचा पीळ घालून अंबाडा करा. सवय झाली की चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. आधी वेणी असली की बटा बाहेर येत नाहीत, जाळीही नीट बसते.

चप्प केसांचं मूळ बहुतेक वेळा ओलाव्यात असतं. ओला केस वाळताना ज्या आकारात असेल तो आकार धरतो. सकाळी न्हाऊन अर्धवट ओल्या केसांवर हेल्मेट घातलं की दिवसभराचा साचा तयार. घामानंही तेच होतं. तेव्हा न्हाणं आदल्या रात्री. आणि एक युक्ती, मला पार्लरवालीनं शिकवलेली: भांग रोजच्या विरुद्ध बाजूला पाडून हेल्मेट घाला, उतरल्यावर मूळच्या बाजूला घ्या. मुळं आपोआप उभी राहतात. तरीही चपटे वाटले तर बोटं जरा ओली करून मुळांशी फिरवा. कंगवा मारत बसू नका, त्यानं अजूनच चिकटतात.

तुमच्या मिस्टरांच्या कुरळ्या केसांबद्दलही विचारलंय. त्यांना आतून पातळ सॅटिनची टोपी घालायला सांगा, सुतीपेक्षा सॅटिनवर केस कमी घासले जातात. उतरल्यावर कंगवा अजिबात नाही, ओल्या हातानं कुरळं चुरगाळायचं. मात्र सॅटिन घसरतं, म्हणून टोपी घालूनच परत ती मागची कड ढकलायची चाचणी करा. जेल, वॅक्स जे काय लावायचं ते पोचल्यावर. आधी लावलं तर अर्धं पॅडिंगला जातं. बॉबकटवाल्यांची तक्रार वेगळी, टोकं बाहेरच्या बाजूला वळतात. त्याला हेल्मेट घालताना केस मागे घेऊन घालणं एवढाच उपाय मला माहीत आहे.

आणि तिरुपतीला केस देऊन आल्यावर किंवा एकदम बारीक कापल्यावर हेल्मेट सैल झालं तर नवीन घ्यायची घाई नको. बऱ्याच कंपन्यांची जाड गालपॅडं वेगळी मिळतात, ती लावून बघा. आतून रुमाल कोंबण्याचा उद्योग करू नका.

स्कार्फ बांधता का? पुण्यात कोण बांधत नाही म्हणा! पण गाठ डोक्याच्या मागे हेल्मेटच्या आत आली तर तोही एक छोटा अंबाडाच. गाठ कडेखाली, मानेवर घ्या. मोकळी टोकं आत खोचा.

केसगळतीची भीती घालणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. आनुवंशिक टक्कल हेल्मेटमुळे पडत नाही. रोज केस ताणून घट्ट बांधले तर कपाळावरची रेषा मागे जाते हे खरं, पण तो दोष बांधण्याचा, म्हणजे ग्रूमिंगवाल्यांचा. (पुन्हा तेच आलं तोंडात, सोडा.) खाज, कोंडा झाला तर डॉक्टर गाठा. तोवर पॅडिंग काढून शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. पावसाळ्यात ते एका रात्रीत वाळत नाही, म्हणून जमलं तर पॅडिंगचा दुसरा सेट घेऊन ठेवा. ओलं असेल तेव्हा आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलं तर सकाळपर्यंत बरंच पाणी शोषलं जातं. खोबरेल चोपडून हेल्मेट घालू नका. तो वास धुऊनही जात नाही आणि जूनमध्ये तर विचारूच नका.

आमच्यासारखं एखादं ६००चं हेल्मेट तुमच्याकडे आधीच आलेलं असेल, तर ते 'डिक्कीत असू दे, मागे कुणी बसलं तर' म्हणून ठेवू नका. मागे बसणाऱ्याचं डोकं ६००चं असेल तरच त्याला द्या. एकदा जोरात आदळलेलं असेल तर कुणालाच देऊ नका, आतला थर चेपला की परत फुगत नाही आणि बाहेरून ते दिसतही नाही.

शेवटी गजऱ्याचं. लग्नाला स्कूटरवर जायचं असेल तर गजरा केळीच्या पानात किंवा ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये न्या आणि हॉलवर पोचल्यावर माळा. हेल्मेटखाली मोगरा टिकत नाही, पॅडिंगला डाग पडतात ते वेगळेच. डिक्कीत तर मुळीच ठेवू नका, खालून इंजिनाची धग लागून तो तासाभरात काळा पडतो.