लॉस एंजेलिसमध्ये सर्वांत चांगला ब्रेकफास्ट बरिटो कुठे मिळतो?

तुम्ही लिहिलंय की कामानिमित्त दोन आठवडे येताय, मुक्काम डाउनटाउनला आहे, गाडी घेणार नाही, आणि बरोबर बायको आहे जी अंडी खाते पण मांस नाही. हे शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं केलंत. कारण इथल्या बरिटोत मांस दिसतं तिथे असतंच, पण दिसत नाही तिथेही असू शकतं. त्यावर येतेच.

मी लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिनाला राहते, मूळची सांगलीची. ब्रेकफास्ट बरिटो म्हणजे अंडी, बटाटा, चीज आणि बहुधा मांस घालून घट्ट गुंडाळलेली पोळी. इथे आल्यावर पहिले सहा महिने मी बरिटोला हात लावला नव्हता. पोळीत भाजी गुंडाळून खायला बारा डॉलर कोण देणार, असं वाटायचं. आता महिन्यातून दोन-तीन शनिवार त्यातच जातात.

आधी एक सांगते. इथे लोक आत काय काय घातलंय यावरून भांडतात. बेकन की चोरिझो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज), अव्होकाडो हवा की नको. माझ्या मते बरिटो ठरतो बाहेरच्या पोळीवर, म्हणजे टॉर्टियावर. मक्याची टॉर्टिया टाकोला. बरिटोला गव्हाची, कारण हा पदार्थ उत्तर मेक्सिकोचा. तिकडे सोनोरा वगैरे भागात गहू पिकतो. मैदा, मीठ, पाणी आणि मोहन, एवढंच साहित्य. गोळा मळून झाकून ठेवला की पुरणपोळीच्या पारीसारखा लवचीक होतो आणि पातळ ताणला तरी फाटत नाही. चांगली टॉर्टिया उजेडासमोर धरली तर पलीकडचं अंधुक दिसतं, आणि तिच्यावर तपकिरी डाग असतात. वाईट टॉर्टिया पांढरीफटक, जाड, आणि चावली की दाताला पिठासारखी चिकटते. हल्ली बऱ्याच चकाचक कॅफेंत नेमकी हीच मिळते. आत ट्रफल तेल घाला नाहीतर केशर, पोळी कच्ची ती कच्चीच.

दुसरी गोष्ट बटाटा. तो कुरकुरीत हवा. कुठे किसून तव्यावर थापलेला हॅश ब्राउन घालतात, कुठे फोडी तळून. मऊ उकडलेला बटाटा आणि मऊ अंडं एकत्र आलं की बाळाचं जेवण होतं. आणि तिसरं, गुंडाळल्यानंतर बरिटो पुन्हा तव्यावर ठेवतात की नाही ते बघा. सांध्याची बाजू खाली करून मिनिटभर दाबला की सांधा चिकटतो, वरून खरपूस होतो, आणि आतलं चीज वितळून अंड्याला धरून ठेवतं. हे न करता नुसता फॉइलमध्ये गुंडाळून हातात दिला, तर पुन्हा त्या दुकानात जाऊ नका.

आता जागा.

तुमच्यासाठी सर्वांत सोयीची म्हणजे पॅसाडिनातलं लकी बॉय, अरॉयो पार्कवेवर. डाउनटाउनहून मेट्रोची ए लाइन पकडा आणि फिलमोर स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. तिकीट पावणेदोन डॉलर, मेट्रोचं टॅप कार्ड घेऊन ठेवा. हे मुळात बर्गरचं दुकान आहे. तुम्ही म्हणाल, बर्गरवाल्याकडे बरिटो? इथे तसंच आहे. एलएमधली जुनी बर्गरची दुकानं बरीचशी ग्रीक कुटुंबांनी काढलेली. सर्वांत प्रसिद्ध ओरिजिनल टॉमीज, ते 1946 साली काढणारे टॉम कूलॅक्सही ग्रीक स्थलांतरितांचेच चिरंजीव. या दुकानांत एकाच फळ्यावर बर्गर, पस्ट्रामी (मसाला लावलेलं गोमांस) आणि बरिटो शेजारी शेजारी लिहिलेले असतात. ग्रीक मालक, मेक्सिकन आचारी, अमेरिकन न्याहारी. मला हा बरिटो याच शहराचा वाटतो तो यामुळेच.

लकी बॉयचा बेकनवाला बरिटो प्रसिद्ध आहे आणि त्यात बेकन इतकं असतं की अंडी शोधावी लागतात. तुम्ही खात असाल तर तोच घ्या. वजन असं की मी अजून एकटीने संपवलेला नाही, अर्धा खा, अर्धा बांधून घ्या असं म्हणणार होते, पण बांधून नेऊ नका. फॉइलमधल्या वाफेने पंधरा-वीस मिनिटांत बटाटा लिबलिबीत होतो. जाईल तेवढा तिथेच बाहेर बसून खा. खिडकीसमोर उभं राहिलात तर आतला तवा दिसतो. एकदा मी रांगेत असताना आचारी एका हाताने अंडी फोडत होता आणि दुसऱ्या हाताने बटाट्याचा थर उलथत होता, नजर मात्र टीव्हीवरच्या फुटबॉलवर. एकही कवच आत पडलं नाही.

बायकोसाठी बेकनशिवाय, नुसता अंडं-बटाटा-चीज असा सांगा. पण लक्षात ठेवा, अशा दुकानांत तवा एकच. बेकन ज्या तव्यावर, त्याच तव्यावर अंडी. त्यांना तेवढं चालत असेल तर ठीक, नाहीतर पुढचं वाचा.

डुकराची चरबी. इंग्रजीत लार्ड, स्पॅनिशमध्ये मान्तेका. टॉर्टियातलं मोहन पारंपरिक पद्धतीत हेच, आणि घोटलेल्या राजम्यात, म्हणजे रिफ्राइड बीन्समध्येही पुष्कळदा हेच. डाउनटाउनलाच आठव्या रस्त्यावर सोनोराटाउन नावाचं छोटं दुकान आहे, 2016 पासूनचं. गव्हाची टॉर्टिया काय असते ते कळायचं असेल तर तिथे जायलाच हवं, पीठही सोनोराचंच. पण तिची चव लार्डची आहे, त्यामुळे तुम्ही जा, बायकोला नेऊ नका. शिवाय ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण, न्याहारीचं नव्हे.

हे मला आधी माहीत नव्हतं. माझी आई आली होती तेव्हा एका गाडीवर तिला बीन-चीज बरिटो खिलवला. पक्की शाकाहारी बाई, अंडंही नाही. तिने बोटं चाटली आणि "हा राजमा आपल्याला का नाही जमत गं असा?" म्हणून विचारलं. मी पुढच्या आठवड्यात कौतुकाने त्या गाडीवाल्याला तेच विचारलं आणि त्याने हसत हसत मान्तेकाचा डबा उघडून दाखवला. आईला मी आजतागायत सांगितलेलं नाही. ती फोनवर अजून त्या राजम्याची आठवण काढते.

तर विचारायचं कसं ते पाठ करून या: "लोस फ्रिहोलेस तिएनेन मान्तेका?" टॉर्टियासाठी, "ला तोर्तिया तिएने मान्तेका?" वाईट कुणी वाटून घेत नाही. आणि नुसतं "सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय असं सांगून थांबू नका. कार्ने म्हटलं की कित्येकांच्या डोक्यात फक्त गोमांस येतं, चिकन त्यात मोजत नाहीत. "नी कार्ने, नी पोयो" म्हणा. सॉयरिझो असं पाटीवर दिसलं तर ते सोयाबीनचं चोरिझो, मसाला तोच, लाल, व्हिनेगरचा आंबटपणा असलेला. बायकोला आवडेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

माझा स्वतःचा पहिला नंबर ॲटवॉटर व्हिलेजमधल्या टाकोस व्हिया कोरोनाला. ग्लेनडेल बुलेव्हार्डवर आहे, दुकान कसलं, भिंतीतली फट आहे. आकाराने इथले बरिटो लहान, एका हातात मावणारे, म्हणून संपेपर्यंत गरम राहतात. बटाटा आणि पालक घातलेला मिळतो तो घ्या. पालक म्हटल्यावर नाक मुरडू नका, तो पाणी सुटू न देता परतलेला असतो. डाउनटाउनहून बसने जाता येतं, पण रविवारी सकाळी बसच्या भरवशावर राहू नका, कॅब करा. रांग असते. रांगेत कुत्री घेऊन आलेले लोक असतात आणि ते कुत्र्यांनाही बरिटोचा तुकडा देतात, त्याला इलाज नाही.

बॉइल हाइट्समधलं अल अँड बीज 1966 पासून आहे, ई लाइनच्या मारियाची प्लाझा स्टेशनवरून चार पावलांवर. तिथलं खरं नाव बीन-चीज आणि हिरव्या मिरचीच्या बरिटोचं, म्हणजे तो ब्रेकफास्ट बरिटो नव्हेच. पण शहराची ओळख करून घ्यायची तर तिथे जाऊन या, वर दिलेला प्रश्न विचारूनच. त्याच भागात एल तेपेयाक आहे, तिथला हॉलेनबेक बरिटो ताटभर असतो आणि काट्या-चमच्याने खावा लागतो. न्याहारीला तो खाल्लात तर ऑफिसात पहिल्या मीटिंगला झोपाल.

एक जागा मुद्दाम सांगत नाही. परवा कौतुक ऐकून गेले, पाऊण तास रांग, सतरा डॉलर, टॉर्टिया गार. नाव घेत नाही, कदाचित त्यांचा तो दिवस वाईट असेल.

सॉस लाल घ्यायचा की हिरवा? मी दोन्ही घेते. मात्र एकदम ओतू नका. बरिटो वरून खायला सुरुवात करायची, प्रत्येक घासाआधी उघड्या तोंडावर चमचाभर. फॉइल एकदम सोलून टाकू नका, खाल तसं खाली सरकवत जा, नाहीतर शेवटचे तीन घास शर्टावर. आणि जाल त्या दिवशी आठच्या आत पोहोचा. नऊनंतर शनिवारी लकी बॉयसमोर मी स्वतः रांगेत असेन, त्यामुळे निदान तुमच्या पुढे एक माणूस जास्त धरा.