हिशेब कोणाला दिलास?

अगं,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा वाटलं, आपलीच जुनी वही उघडली की काय.

1 जुलै 2025 ला यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, कारभार अधिकृतपणे गुंडाळला गेला आणि तुझ्या प्रकल्पाचा गाशाही त्याच्याबरोबर गेला. त्यावर फुंकर घालत बसत नाही, तुला ती नकोच आहे. तुझं अडलंय दुसरीकडे. एक प्राध्यापक म्हणतात, प्रयोग करून मोजा, ज्याचा परिणाम दिसेल त्यालाच पैसा द्या. दुसऱ्या बाई म्हणतात, ही मलमपट्टी झाली, कर्जाचे, व्यापाराचे, करांचे नियम बदला. आणि तुझा मित्र म्हणतो, मदत म्हणजे वसाहतवादच, फक्त कपडे बदललेला. बंद पडली ते बरं झालं. ‘मी कुठल्या बाजूला उभी राहू?’

आधी तिघांनाही एकच प्रश्न विचार : हिशेब कोणाला देता?

मी हे इतकी वर्षं म्हणतेय की लोक आता माझ्या आधी वाक्य पुरं करतात. करू देत.

मदतकपातीचंच बघ. ज्यांची औषधं थांबली त्यांना दाद मागायला जागाच नव्हती. देणाऱ्याचा हिशेब त्याच्या करदात्यांपुढे, त्याच्या संसदेपुढे, आणि पैसा त्यांचा असल्यामुळे ते रास्तही आहे. पण ज्याच्या नावाने पैसा निघतो त्याचा त्या वहीत फक्त आकडा असतो. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1970 मध्ये ठरवलं. 2024 ची सरासरी निघाली 0.33 टक्के. मोजके देश सोडले तर कुणी शब्द पाळला नाही आणि त्यापायी कुणाचं काही बिघडलंही नाही. ज्याला शब्द दिला तो वसुलीला येऊच शकत नव्हता.

आता माझं ऐक. पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्ह्यात मी हातपंपांची पाहणी करत होते. फॉर्मवर दोनच रकाने होते, चालू आणि बंद. एक पंप चालू होता, पण ज्याच्या जमिनीवर होता तो माणूस दुपारी त्याला कुलूप लावायचा. बायका पहाटे रांग लावायच्या, नाहीतर ओढ्यावर जायच्या. मी ‘चालू’ वर खूण केली आणि समासात कुलपाबद्दल एक ओळ लिहिली. मुख्य कार्यालयात ती ओळ गळाली. मी अंतिम अहवाल वाचला, ओळ नाही हे पाहिलं आणि सही केली. निघताना एका बाईने विचारलं होतं, काय लिहिलंस? म्हटलं, अहवाल आला की कळेल. अहवाल इंग्रजीत छापला गेला आणि तिथे कधीच पोचला नाही.

मी तेव्हा राजीनामा द्यायला हवा होता का? माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर समासातली ओळही लिहिली गेली नसती. पुढच्या पाहणीत मी भांडून तिसरा रकाना घालून घेतला. हे मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते खरं आहे की पाठ झालंय, सांगता येत नाही. पण रकाना घातला होता, एवढं नक्की.

म्हणून तुझ्या पहिल्या प्राध्यापकांची मी टिंगल करणार नाही. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या अर्थतज्ज्ञांना 2019 चं नोबेल मिळालं त्या प्रयोग करून मोजण्याच्या पद्धतीने पुष्कळ भ्रम फोडले. सूक्ष्मकर्जाने, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांनी, गरिबी हटते असा डांगोरा पिटला जात होता. 2015 मध्ये सहा देशांतले प्रयोग एकत्र मांडले गेले आणि दिसलं की थोडा हातभार लागतो, आयुष्य पालटत नाही. हे प्रामाणिक काम आहे. फक्त विचार, मोजायचं काय ते कोणी ठरवलं आणि निकाल कोणाला वाचून दाखवला.

दारिद्र्यरेषेचंही तेच. जून 2025 मध्ये जागतिक बँकेने ती दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली आणि अतिगरिबांच्या संख्येत साडेबारा कोटींची भर पडली. त्यात लबाडी नाही, किमतींची नवी तुलना आणि गरीब देशांच्या स्वतःच्या नव्या रेषा यांतून ती निघाली. पण त्या साडेबारा कोटींपैकी कुणाच्या ताटात त्या दिवशी घासभरही फरक पडला नव्हता.

दुसऱ्या बाईंचं म्हणणं मला जवळचं. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतले मोठे निर्णय 85 टक्के मतांशिवाय होत नाहीत आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त मतं आहेत. गणित तू कर. पण नियम बदलले की सगळं सुटेल, असं त्या म्हणाल्या तर त्यांना आणि तुझ्या मित्रालाही मोझांबिक दाखव. 2013-14 मध्ये सरकारी हमीवर सुमारे 2 अब्ज डॉलरची कर्जं काढली गेली, त्यातली बरीचशी संसदेला न कळवता. कर्ज देणाऱ्या बँका युरोपातल्या, सह्या करणारे घरचेच. 2016 मध्ये बिंग फुटलं, देणगीदारांनी अर्थसंकल्पाची मदत थांबवली आणि ज्यांना या कर्जाचा पत्ताही नव्हता त्या लोकांनी ते भोगलं. इथे वसाहतवादी कोण आणि बळी कोण, हे मित्राला नीट लावून दाखवू दे. तिथल्या नागरी संघटनांनी मात्र सह्या गोळा केल्या, घटना परिषदेकडे, म्हणजे राज्यघटनेचे वाद सोडवणाऱ्या तिथल्या न्यायपीठाकडे, गेल्या आणि 2019 मध्ये त्यातलं एक कर्ज परिषदेने अवैध ठरवलं. घोषणा कुणाचीच नव्हती. प्रश्न एकच होता. (कोणता, ते आता मी सांगत नाही.)

युगांडाचंही एक सांगते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांच्या अनुदानातला सरासरी 13 टक्केच पैसा शाळेपर्यंत पोचत होता. मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती पाठवले ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांना दारावर आकडे लावायला सांगितलं. गळती पुष्कळ कमी झाली. श्रेय वर्तमानपत्रांचं किती नि इतर सुधारणांचं किती, यावर अभ्यासक भांडले. भांडोत. पालकाला आकडा वाचता आला, हे मला पुरे आहे.

मूल्यमापन करणाऱ्या कंपनीची नोकरी घ्यावी का, असं विचारलंयस. घे. हात स्वच्छ ठेवायला बाहेर बसलीस तर फॉर्म दुसरं कुणीतरी भरेल. पण करारावर सही करण्याआधी विचार, अहवाल तिथल्या भाषेत निघणार का, आणि तो गावात वाचून दाखवायला खर्चात तरतूद आहे का. ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणाले तर समजून जा. तरीही घे, आणि पुढच्या टप्प्याची तारीख लिहून माग. मी मागितली नव्हती.

चिडू नकोस. मी तुझ्यावर कमी आणि त्या सहीवर जास्त चिडलेय.

नव्या कामाचा फॉर्म हातात आला की मला पाठव. रकाने आपण दोघी बसून बघू.

ताई