चलनाचे मोल घसरले, तर न्यायालय काय मोजते?

प्रश्न : बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका परिचितांना लेखी करार करून परकी चलनात मोठी रक्कम उसनी दिली. आता ते तेवढीच रक्कम परत करू म्हणतात. परंतु मधल्या काळात त्या चलनाची क्रयशक्ती निम्म्यावर आली आहे. न्यायालय मला मूळ मोल मिळवून देईल का? आणि हुकूमनामा कोणत्या चलनात, कोणत्या दिवसाच्या दराने होतो?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असेच आहे. शंभर नाण्यांचे देणे शंभर नाण्यांनी फिटते. त्यांत आज काय विकत मिळते, हे न्यायालय सहसा पाहत नाही. १६०१ मध्ये एलिझाबेथ राणीने आयर्लंडसाठी हिणकस नाणी चलनात आणली, तेव्हा त्याआधीच लंडनच्या गिल्बर्टला शंभर पौंडांचा रोखा लिहून दिलेल्या ब्रेट या व्यापाऱ्याने डब्लिनमध्ये त्याच नव्या नाण्यांत पैसे देऊ केले आणि ते वैध ठरले. धनकोच्या दृष्टीने हे जाचक आहे, हे मी नाकारत नाही. पण बाजारभाव बदलला की प्रत्येक जुने देणे नव्याने मोजायचे ठरवले, तर आपण नेमके किती देणे लागतो हे कोणत्याच ऋणकोला कळणार नाही. साधारण महागाईपुरता हा नियम मला योग्य वाटतो.

मात्र चलन पार कोसळते, तेव्हा त्याच नियमाचा अन्याय असह्य होतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत असताना, युद्धापूर्वीचे गहाणकर्ज कवडीमोल नोटा देऊन फेडता येणार नाही, असा निर्णय जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी संहितेतील सद्‌भावाच्या कलमाच्या आधारे दिला. तुमच्या चलनाची निम्मी घसरण या पंक्तीत बसणार नाही. करारातच सोन्याशी किंवा किंमत निर्देशांकाशी रक्कम जोडली असेल, तर गोष्ट वेगळी. अर्थात कायदा अशा अटी रद्दही करू शकतो. अमेरिकेने १९३३ मध्ये सुवर्ण-अटी रद्द केल्या आणि १९३५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने खासगी करारांबाबत ते उचलून धरले.

दुसऱ्या प्रश्नात अधिक आशा आहे. इंग्लंडमध्ये १९७५ पर्यंत निकाल पौंडातच आणि करारभंगाच्या दिवसाच्या दराने होत असे, त्यामुळे पुढे पौंड घसरला की नुकसान परदेशी धनकोचे होई. सूत विकणाऱ्या एका स्विस व्यापाऱ्याच्या दाव्यात, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ती रीत मोडली; परकी चलनातच निकाल देण्याची आणि प्रत्यक्ष भरण्याच्या किंवा अंमलबजावणीच्या परवानगीच्या दिवशीचा दर लावण्याची मुभा दिली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये फोरासोल या फ्रेंच कंपनीच्या प्रकरणात हुकूमनाम्याच्या दिवसाचा दर स्वीकारला. म्हणून दाव्यात रक्कम मूळ चलनातच मागा आणि विलंबाबद्दल व्याजाची स्वतंत्र मागणी करा, कारण झालेले नुकसान काही अंशी भरून निघते ते व्याजातूनच.

या सगळ्याआधी दाव्याची मुदत संपली नाही ना, हे वकिलांकडून तपासून घ्या. मुदत संपण्याआधी ऋणकोने देणे लेखी मान्य केल्यास अनेक देशांत ती नव्याने सुरू होते. तेव्हा परिचितांचे ‘परत करू’ हे म्हणणे त्यांच्या सहीनिशी कागदावर घ्या.