वायुदूतवर लिहायला घेतलंयस तर

वायुदूत या जुन्या सरकारी विमान कंपनीवरचा तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण पहिल्याच परिच्छेदात "तोट्यात गेलेली सरकारी कंपनी" असं लिहून टाकलंयस आणि तिथेच मला खटकलं. तोटा झाला हे खरंच आहे रे, पण तो का होणार होता हे सुरुवातीलाच कागदावर मांडता आलं असतं. तुझ्या लेखाचा जीव त्या आकडेमोडीत आहे.

सुरुवात ईशान्येपासून कर. जानेवारी 1981 मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोघींनी मिळून वायुदूत काढली ती मुंबई-दिल्लीसाठी नाही, तर शिलाँगजवळच्या बारापाणीसारख्या ठिकाणांसाठी, जिथे रस्त्याने जायचं म्हणजे दिवस जायचा आणि पावसाळ्यात रस्ता राहील की नाही याचीच खात्री नाही. तिथे विमान ही चैन नव्हती, एसटीसारखी सोय होती. नंतर ती देशभर पसरली, 1988 साली लक्षद्वीपमधल्या अगत्तीला धावपट्टी झाली तेव्हा तिथेही पहिलं प्रवासी विमान वायुदूतचंच उतरलं. आपल्याकडे कोल्हापूरला यायची. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबई गाठणाऱ्या गावाला दीड-दोन तासात मुंबई म्हणजे काय वाटलं असेल, हे तू त्या पिढीतल्या माणसांना विचार, माझ्याकडून ऐकून लिहू नकोस.

आता आकडेमोड. वायुदूतचं छोटं विमान डॉर्नियर 228, त्यात सीट 19. सगळ्या फ्लाइटला बारा माणसं आली तरी लोक म्हणणार बरी भरली. पण पायलट दोन लागतात, सव्वाशे सीटच्या बोइंगलाही दोनच लागतात. खाली फायर टेंडर म्हणजे आगीचा बंब, रेडिओवाला, तिकीट काउंटर, हे सगळं बारा माणसांसाठीही ठेवावंच लागतं. अंतर छोटं, म्हणजे विमान वर चढण्यातच बरंचसं इंधन खातं आणि दिवसातला पुष्कळ वेळ जमिनीवर उभं असतं. लहान धावपट्ट्यांवर रात्रीचे दिवे नसले की संध्याकाळनंतर सगळं बंद, आणि जूनमध्ये ढग खाली आले की सकाळचीही फ्लाइट रद्द. मग ज्याला मुंबईत कोर्टाची तारीख आहे तो पुढच्या वेळी रेल्वेचंच तिकीट काढतो. एकदा हा भरवसा गेला की भाडं कमी करूनही माणूस परत येत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तुझ्या मसुद्यात याच्यावर एक ओळही नाही.

विमानांचंही नीट बघ. फॉकर एफ-27 आणि अॅव्रो ही जुनी, दोघांना रोल्स रॉइसची डार्ट इंजिनं. डॉर्नियरला गॅरेटचं इंजिन. म्हणजे स्पेअर पार्ट वेगळे, मेकॅनिकचं ट्रेनिंग वेगळं, पायलटचं रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरता परवाना, वेगळा, आणि ताफा एवढासा. डॉर्नियर एचएएल (सरकारी विमान कारखाना, हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कानपूरला लायसन्सवर बनवायची, ती विकत घेणाऱ्यांत वायुदूत होती. देशात विमान बनावं ही इच्छा मला मनापासून पटते, पण ते बनवायचं ओझं किती आणि उडवायचं ओझं किती हे वेगळं करून लिही.

वायुदूत जायची ती "जवळपास 100 शहरं" हा आकडा तू सरळ उचललायस. एकाच वेळी 100 की सुरू होऊन बंद पडलेली धरून 100? जुनी टाइमटेबलं मिळव आणि दोन वर्षांची शेजारी ठेवून बघ. वाचायची कशी तर 1 3 5 म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार. कुठली गावं गळाली ते आपोआप दिसेल. लोकसभेतली प्रश्नोत्तरंही चाळ, खासदार आपल्या गावाच्या फ्लाइटबद्दल विचारतात आणि मंत्री उत्तरात आकडे देतात, असं सोनं दुसरीकडे मिळत नाही.

अपघातांबद्दल हळू हाताने लिही. 19 ऑक्टोबर 1988 ला गुवाहाटीजवळ फॉकर पडलं, 34 जण गेले, आणि त्याच दिवशी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग पडल्यामुळे गुवाहाटीची बातमी मागे पडली. 23 सप्टेंबर 1989 ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्नियर इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात कोसळलं, 11 जण गेले. तू हे अर्ध्या वाक्यात उरकलंयस. त्यांची घरची माणसं आजही वाचणारी असतील हे लक्षात ठेव.

1993 ला वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, तिथे लेख संपवू नकोस. 27 एप्रिल 2017 ला उडान योजनेत, म्हणजे छोट्या शहरांना विमानाने जोडायच्या केंद्राच्या योजनेत, नांदेड-हैदराबाद फ्लाइट ट्रूजेट या खासगी कंपनीने सुरू केली, 2022 मध्ये ट्रूजेट थांबली. डिसेंबर 2017 ला जळगावहून मुंबईला एअर डेक्कन कंपनीचं छोटं बीचक्राफ्ट विमान उडालं, 2020 मध्ये तेही थांबलं. या वेळी फरक एवढा की रिकाम्या सीटचे पैसे कोण देणार हे आधी ठरलं होतं, पण तीन वर्षांपुरतंच. वायुदूतच्या वेळी ते कोण देणार होतं, हे शोध.

टाइमटेबल मिळालं की फोटो पाठव, रविवारी फोनवर बसून गावं लावू.