कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही: कुठून बघायचं

भाऊ, तुमची डिझेल मोटरहोम कधी सेल्फवर (म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरवर) चालू होते, कधी होत नाही, म्हणून लगेच बॅटरी बदलायची घाई करू नका. गाडी नीट चालू होते तेव्हा केलेली तपासणी काही सांगत नाही; अडेल तेव्हाच मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावा, म्हणून तो ड्रायव्हरच्या दारातच ठेवा.

आधी कान द्या. नुसतं एकदा 'टक्' वाजलं आणि इंजिन फिरलं नाही, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट जात नाही किंवा सॉलेनॉइडचे (सेल्फला जाड करंट जोडणाऱ्या स्विचचे) आतले कॉन्टॅक्ट जळलेत. काहीच आवाज नसेल तर इग्निशन स्विच (चावीचा), रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), क्लच स्विच (क्लच दाबल्यावरच सेल्फ लागू देणारा) बघा. इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही, तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरली असेल.

'टक्' असेल तर दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-चेसिसशी जोडणी) खराब. बेळगावकडच्या खानापूर, चोर्ला घाटाच्या पावसात चेसिसवरच्या अर्थच्या लगखाली (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) गंज हमखास धरतो. वरून बोल्ट घट्ट, आत तांबट हिरवी पूड! आधी निगेटिव्ह सोडा, लग पॉलिश पेपरनं चकचकीत करा, आवळा, वर ग्रीस लावा.

मग तसंच चावी फिरवताना पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट मोजा, इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट असावी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. मोटरहोममध्ये 'घरची' बॅटरी (राहण्याच्या भागातला फ्रिज वगैरे चालवणारी) इंजिनच्या बॅटरीला जोडणारा रिलेही तपासा. तो चिकटला तर रात्रीचा फ्रिज इंजिनची बॅटरी पिऊन टाकतो.